वसाहतकालीन मृत्युपत्रांतील नातेवाचक शब्द

व्हर्जिनियातील वसाहतकालीन कुलांचा शोध काउंटीच्या मृत्युपत्रांखेरीज पुढे सरकत नाही. तथापि अभ्यासक बहुधा मूळ पत्राऐवजी छापील सूची व सारसंग्रह यांवर विसंबतात. क्लेटन टॉरेन्स यांची सूची मूळ नोंदीचा ठाव दाखविते. तिलाच पुरावा मानणे हा तिच्यावरही अन्याय होय.

खरी अडचण शब्दार्थाची आहे. सतराव्या शतकातील 'कझिन' हा पुतण्या वा भाचाही असू शकतो. 'सन-इन-लॉ' हा सावत्र मुलगाही. मराठीत आणताना पुतण्या की भाचा हे ठरवावेच लागते, आणि तो निर्णय मुळात नसलेला पुरावा निर्माण करतो. म्हणून मूळ शब्द राखून नाते इतर कागदांवरून सिद्ध करावे. मौनही फसवे असते. १७८५ चा कायदा अमलात येईपर्यंत, मृत्युपत्रात व्यवस्था न लावलेली जमीन ज्येष्ठ पुत्राकडे जाई. तेव्हा त्याचा अनुल्लेख हा त्याच्या अभावाचा पुरावा नव्हे.

याहून गंभीर हानी मालमत्तेच्या याद्यांबाबत होते. १६६२ च्या कायद्याने अपत्याची गुलामी मातेवरून ठरे. गुलाम स्त्रिया व मुले यांची बहुधा केवळ पहिली नावे, किमतींसह, या याद्यांत आढळतात. सारकार ती गाळतो तेव्हा एका कुलाची वंशावळ सुबक होते, दुसऱ्याची खुंटते. संक्षेप हाही अर्थनिर्णयच होय.