झाडीतल्या मामांचं गाव

नर्मदा परिक्रमेवरची दोन-चार मराठी पुस्तकं वाचली की एक प्रसंग तोंडपाठ होतो. परिक्रमावासी शूलपाणीच्या झाडीत शिरतो. पायवाट अरुंद, दोन्हीकडे रान. अचानक धनुष्यबाण घेतलेली चार-पाच माणसं आडवी येतात. झोळी जाते, घोंगडी जाते, अंगावरचे कपडे जातात. उरते लंगोटी. मग लेखक नदीकडे बघतो आणि त्याला उमगतं की ही मैयाचीच इच्छा होती, तिनेच आपला अहंकार काढून घेतला. लुटणाऱ्यांना या पुस्तकांत 'मामा' म्हणतात, कारण नर्मदा आई आणि हे तिचे भाऊ. प्रकरण संपतं. पुढच्या पानावर पुढचा आश्रम.

ही झाडी जिथे होती, त्यातला दक्षिण तीरावरचा मोठा पट्टा आज नंदुरबार जिल्ह्यात येतो. अक्राणी म्हणजे धडगाव आणि अक्कलकुवा, हे ते दोन तालुके. मी याच जिल्ह्यातला, पण सपाटीवरच्या शहाद्याचा. डोंगराच्या वतीने बोलायचा मला अधिकार नाही आणि मी ते करणारही नाही. मी बोलतोय तो या पुस्तकांचा वाचक म्हणून. पुण्यात शिकायला आल्यावर जिल्ह्याचं नाव सांगितलं की दोनच वाक्यं कानावर यायची: 'कुठे आलं हे?' आणि 'तिकडे लुटतात ना?' दुसरं वाक्य म्हणणारे बहुतेक जण नंदुरबारला कधी गेलेले नव्हते. त्यांनी ते वाचलं होतं, किंवा वाचलेल्या कुणाकडून ऐकलं होतं. एखादा साहित्यप्रकार एका जिल्ह्याची ओळख कशी घडवतो, हे मला तेव्हा कळायला लागलं.

आधी या पुस्तकांच्या बाजूने बोलतो, कारण त्यांचं मोल खरंच आहे. गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा'ने परिक्रमा मराठी वाचकाच्या मनात रुजवली. जगन्नाथ कुंट्यांच्या 'नर्मदे हर हर'ने ती नोकरी करणाऱ्या, हप्ते भरणाऱ्या माणसाच्या आवाक्यात आणून ठेवली. भारती ठाकूर यांचं 'नर्मदा परिक्रमा : एक अंतर्यात्रा' वाचून कितीतरी जणींना एकटीने चालता येईल असं वाटलं असणार. मराठी प्रवासवर्णनाची दुसरी मोठी वाट विमानाने जाते. 'अपूर्वाई' घ्या किंवा मीना प्रभूंची पुस्तकं घ्या, तिथे प्रवासी पैसे मोजून जग बघतो. परिक्रमेतला प्रवासी रिकाम्या खिशाने निघतो आणि अनोळखी माणसाच्या दारात उभा राहतो. सदावर्त मागतो, कुणाच्या ओसरीवर झोपतो. आपल्या मध्यमवर्गीय साहित्यात लेखक घेणाऱ्याच्या जागी उभा असल्याचे प्रसंग फार थोडे आहेत. म्हणूनच झाडीतलं प्रकरण जास्त खटकतं. नदीकाठच्या इतर गावांत लेखक माणसांची नावं विचारतो, त्यांच्या सुना-मुलांची चौकशी करतो, खाल्लेल्या भाजीची चवही लक्षात ठेवतो. झाडीत शिरला की त्याची चौकशी बंद पडते.

'मामा' हा शब्दच बघा. मराठीत मामा म्हणजे सुट्टी, लाड, हक्काचं घर. ज्या नात्याला आपण गाव जोडतो ते हे नातं. इथे मात्र मामाला गाव नाही. तो कुठे राहतो, काय पेरतो, त्याचं पोर शाळेत जातं का, त्याला ही घोंगडी कशासाठी हवी आहे, यातलं काहीच आपल्याला कळत नाही. नात्याचा शब्द वापरला आणि नातं टाळलं, असं हे झालं आहे. अध्यात्माचा मुलामा चढवल्यावर तर विचारायची सोयही उरत नाही. लूट ही मैयाची लीला ठरली की लुटणारा केवळ तिचं साधन होतो, आणि साधनाला भूक नसते.

या प्रसंगाची तुलना मी नेहमी मराठीतल्या एका जुन्या प्रवासाशी करतो. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये पैसे कमवायला उत्तरेत गेले आणि ऐन बंडात सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी प्रसिद्ध केला. त्या पुस्तकातही लूट आहे, पानोपानी आहे. सगळ्यांत मोठी लूट आहे ती झाशी पडल्यावर इंग्रजी फौजेने केलेली. गोडसे भटजी काही इतिहासकार नव्हते. पण कोण लुटतंय, कुणाच्या हुकमाने, आधी काय नेलं आणि मग काय, हे ते बघतात आणि लिहून ठेवतात. भीती त्यांनाही वाटते. मात्र त्या भीतीला ते लगेच साक्षात्कार करून टाकत नाहीत. मराठी प्रवासवर्णनाला लुटीकडे उघड्या डोळ्यांनी बघता येत होतं. मग झाडीपाशीच ते डोळे का मिटतात?

उघड्या डोळ्यांनी बघायचं तर सामग्री भरपूर आहे. सातपुड्यातल्या घाटांची राखण भिल्ल नाईकांकडे असायची आणि त्या बदल्यात त्यांचे हक्क असायचे. इंग्रज आले, त्यांनी आधी या माणसांना लुटारू ठरवलं, आणि मग १८२५ मध्ये जेम्स औट्रमच्या हाताखाली त्यांचीच खानदेश भिल्ल पलटण उभी केली. खाज्या नाईक सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा, इंग्रजांच्याच नोकरीतला माणूस. १८५७च्या बंडात तो त्यांच्याविरुद्ध उभा राहिला. पुढे जंगल कायद्यांनी रान सरकारी झालं. सपाटीवरच्या जमिनी सावकाराच्या वहीतून हातच्या गेल्या. १९७१ साली आमच्या शहादा तालुक्यात पाटीलवाडीला आदिवासींवर गोळीबार झाला. त्यानंतरच्या संघर्षातून १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली आणि गेलेल्या जमिनींचा प्रश्न तिने ऐरणीवर आणला. म्हणजे घोंगडी कुणी नेली हे पुस्तकात येतं, जमीन कुणी नेली हे येत नाही. ते परिक्रमेच्या वाटेवर नव्हतं, असं कुणी म्हणेल. पण दोन्हीमधलं अंतर एका दिवसाच्या बसप्रवासाचं आहे.

झाडीतली सगळ्यांत मोठी लूट तर नंतरची आहे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली तेहतीस गावं आली. ती सगळी याच दोन तालुक्यांतली. अक्कलकुव्यातलं मणिबेली हे त्यातलं सगळ्यांत पहिलं. १९९३च्या पावसाळ्यात तिथली घरं गेली. या खेड्याचं नाव तुम्ही कदाचित ऐकलं नसेल, पण ते जगभर फिरून आलं आहे. जागतिक बँकेने धरणासाठी १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं होतं. लोकांच्या विरोधामुळे बँकेला स्वतःच्याच प्रकल्पाची स्वतंत्र चौकशी करावी लागली. १९९२ साली ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या समितीचा अहवाल प्रतिकूल आला आणि १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्ज सोडून दिलं. पुढच्याच वर्षी चाळीसहून अधिक देशांतल्या तीनशेवर संघटनांनी, बँकेने मोठ्या धरणांना पैसा देणं थांबवावं, अशी मागणी केली. त्या मागणीपत्राचं नाव 'मणिबेली जाहीरनामा'. भिल्लांच्या एका पाड्याचं नाव वॉशिंग्टनच्या टेबलावर पोचलं. मराठी परिक्रमावाङ्मयात मात्र झाडी अजून 'मामां'चीच आहे.

आता तर पायवाटेचा मोठा भाग पाण्याखाली आहे. बसने परिक्रमा करणारे बडवानीहून खेतिया, शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा असे नदी सोडून सपाटीवरून पुढे गुजरातेत जातात. प्रकाशाला तापीवर थांबतात, कारण ती 'दक्षिण काशी'. आणि तळोद्याकडे निघतात तेव्हा बस ज्या भागातून जाते, तिथेच सोमावल, रोझवा अशा पुनर्वसन वसाहती आहेत. ज्या मामांच्या गोष्टी बसमधल्या कुणी तरी मांडीवरच्या पुस्तकात वाचत असेल, ते खिडकीबाहेर सरकारी प्लॉटवर राहतात. ही विसंगती कुणा लेखकाने पकडलेली मला वाचायला आवडेल.

पुस्तकं जुनी झाली, असं म्हणून हा विषय मिटत नाही. त्या प्रकरणाची नवी आवृत्ती तुमच्या-माझ्या हातातल्या फोनवर दर फाल्गुनात येते. होळीच्या आधी सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतात. होळीसाठी लागणारं सामान घ्यायचं, नातेवाइकांना भेटायचं, ढोल वाजवायचा, नाचायचं, असे हे आठवडी बाजाराचे सणाच्या आधीचे दिवस. रीलमध्ये याचं होतं 'आदिवासींचा व्हॅलेंटाइन डे'. पान खिलवून मुलगी पळवून नेतात म्हणे. आदिवासी संघटनांनी यावर वारंवार आक्षेप घेतला आहे, पण खुलाशाला व्ह्यूज नसतात. काठीच्या राजवाडी होळीचंही तेच. अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला दुधी भोपळे आणि घुंगरू बांधलेले बुध्या ड्रोनमधून फार देखणे दिसतात. ते नवसाचे लोक आहेत, कित्येक दिवस कडक नेम पाळून इथवर आले आहेत, हे तीस सेकंदांत मावत नाही. जुन्या पुस्तकात भिल्ल वाट अडवतो, नव्या रीलमध्ये तो नाचतो. दोन्हीकडे तो बोलत मात्र नाही.

मला कुतूहलावर बंदी नको आहे. परक्या ठिकाणी जाऊन आश्चर्य वाटणं हा प्रवासाचा अर्धा आनंद आहे. माझा आक्षेप आश्चर्यापाशीच थांबण्याला आहे. अश्वत्थाम्याचं उदाहरण घ्या. परिक्रमेच्या गोष्टींत तो कपाळावरच्या जखमेला तेल मागत झाडीत भटकतो आणि चुकलेल्याला वाट दाखवून गुप्त होतो. छान गूढ आहे. पण याच अश्वत्थाम्याचं डोंगरावर ठाणं आहे, अक्राणीतल्या अस्तंबा शिखरावर. दिवाळीत आदिवासी तरुण हातात मशाली घेऊन तो कठीण चढ चढतात. एका ठिकाणी तो पांथस्थाला झालेला भास आहे, दुसऱ्या ठिकाणी त्याचं वार्षिक वेळापत्रक आहे. दोन्ही शेजारी ठेवून लिहिलं तर गूढ कमी होणार नाही, उलट वाढेल.

आणि डोंगराला स्वतःचं वाङ्मय नाही अशातला भाग नाही. नदीपलीकडच्या अलीराजपुरात भिलाला गायक गायणा गातात. त्यात नर्मदेचा उगमापासून समुद्रापर्यंतचा प्रवास येतो. अमिता बाविस्कर यांनी 'इन द बेली ऑफ द रिव्हर' या १९९५च्या पुस्तकात त्याबद्दल लिहिलं आहे. नर्मदेचं हे प्रवासवर्णन मामांनी रचलेलं आहे आणि त्यात नदीच प्रवासी आहे! शहादा तालुक्यातले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा संग्रह १९८७ सालचा. त्यांची 'स्टेज' ही कविता छोटीशी आहे. आमच्या नावाने उभारलेल्या मंचावर दुसरेच बसले आणि आमचं दुःख आम्हालाच समजावत राहिले, असा तिचा आशय. परिक्रमेवरच्या कुठल्याही पुस्तकाचं याहून नेमकं परीक्षण मला लिहिता येणार नाही.

भारती ठाकूर यांचं नाव वर घेतलं. परिक्रमेनंतर त्यांनी मध्य प्रदेशात नदीकाठच्या मुलांसाठी 'नर्मदालय' सुरू केलं. प्रत्येक प्रवाशाने असं काही करावं, ही अपेक्षा अन्यायाची होईल. लेखकाकडून माझी मागणी त्याहून बरीच लहान आहे. ज्याने वाट अडवली त्याचं नाव विचारा. ज्याने भाकरी दिली त्याचं गाव लिहा, आणि ते गाव आता पाण्याखाली असेल तर तेही लिहा. त्याने तुमच्याकडे बघून काय म्हटलं, तो हसला का, हेही लिहा.

वाचक म्हणून आपणही एक सवय लावून घेऊ शकतो. परिक्रमेचं नवं पुस्तक हातात आलं की मी आता आधी झाडीचं प्रकरण उघडतो. त्यात मामाचं एखादं वाक्य आहे का, ते शोधतो. सापडलं, तर पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतो.