शकीला : रहस्यपटांतील एक उपेक्षित नाव

पन्नाशीच्या दशकातील हिंदी चित्रपटांचा विषय निघाला की आपण मधुबाला, मीनाकुमारी, नर्गिस ही नावे घेतो आणि थांबतो. शकीलाची आठवण क्वचितच निघते. तिच्यावर चित्रित झालेली गाणी मात्र आजही घरोघरी ऐकली जातात. गाणे लक्षात राहावे आणि चेहऱ्याचे नाव विसरले जावे, यात समीक्षेचाही दोष आहे असे आम्हांस वाटते.

तिची आरंभीची ओळख पोशाखी, मारधाडीच्या चित्रपटांतली. होमी वाडियांचे 'अलिबाबा और चालीस चोर' (१९५४) आणि 'हातिमताई' (१९५६) हे त्यांपैकी ठळक. असे चित्रपट पिटातल्या प्रेक्षकांचे समजले जात. त्यांतील नायिकेवर शिक्का बसे. गुरुदत्तने तो मानला नाही. 'आरपार' (१९५४) मध्ये नायिका श्यामा, तर शकीला गुन्हेगारांच्या क्लबातली नर्तकी. टॅक्सीवाल्या नायकाला सबुरीचा सल्ला देणाऱ्या गाण्यात ती पायांपेक्षा नजरेने अधिक काम करते.

दोनच वर्षांनी, गुरुदत्तनिर्मित 'सी.आय.डी.' (१९५६) मध्ये ती पलीकडच्या तीरावर गेली. येथे ती पोलीस कमिशनरची कन्या रेखा आहे. मोटारीच्या किल्लीवरून इन्स्पेक्टरशी तिचा जो झगडा होतो, त्यात तिचा ताठा आणि खट्याळपणा दोन्ही दिसतात. पण पुढे? संपादकाच्या खुनाचे धागे वहिदा रहमानच्या कामिनीकडे जातात आणि रेखा गाण्यांपुरती उरते. 'चायना टाऊन' (१९६२) मध्येही तेच. शकीला सभ्य प्रेयसी, तर टोळीच्या दुनियेतली बाई हेलन.

आमचा आक्षेप येथे आहे. आपल्या रहस्यपटांनी स्त्रीची दोन खणांत वाटणी केली. एकीला चारित्र्य दिले, दुसरीला कथानक. शकीलाने दोन्ही खण पाहिले. 'पोस्ट बॉक्स ९९९' (१९५८), 'टॉवर हाऊस' (१९६२) असे चित्रपट तिला मिळत गेले, पण हे दोन्ही गुण एकत्र असलेली भूमिका तिच्यासाठी कोणी लिहिली नाही. मर्यादा लेखणीची होती, तिची नव्हे.

आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. महजबीन मीनाकुमारी झाली, खुर्शीद अख्तर श्यामा झाली. 'सी.आय.डी.'च्या वेळी वहिदाने नाव बदलण्यास नकार दिला, ही हकिकत नेहमी सांगितली जाते आणि ती सांगावीच. पण त्याच चित्रपटाच्या नायिकेचे नाव शकीला होते, हे कोणी सांगत नाही.

'उस्तादों के उस्ताद' (१९६३) नंतर तिने संसारासाठी पडदा सोडला. २० सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत तिचे निधन झाले. 'आरपार' आणि 'सी.आय.डी.' वाचकांनी लागोपाठ पाहावेत, अशी आमची विनंती आहे. एकाच अभिनेत्रीने अंधार आणि उजेड दोन्ही किती सहज पेलले, ते तेव्हा कळेल.