मनोराज्य आणि महानगर : 'स्ट्रीट हॉन्टिंग'विषयी काही विचार

नगरातील निरुद्देश भ्रमंतीस कलाव्यापाराची प्रतिष्ठा प्राप्त करून देण्यात बोदलेअरचा वाटा मोठा आहे. १८६३ साली चित्रकार कॉन्स्तांतँ गी याच्यावर लिहिताना त्याने जो कलावंत उभा केला, तो दिवसा गर्दीत मिसळतो व रात्री स्मृतीच्या आधारे चित्रे काढतो. त्यास घराबाहेर पडण्यास निमित्त लागत नाही. व्हर्जिनिया वुल्फच्या 'स्ट्रीट हॉन्टिंग' (१९२७) या निबंधास मात्र ते लागते. एक शिसपेन्सिल घ्यावयाची, एवढ्या सबबीवर हिवाळ्यातील संध्याकाळी लंडनचे रस्ते तुडविले जातात.

वुल्फच्या बाबतीत ही केवळ कल्पना नव्हे. 'टु द लाइटहाउस' ही कादंबरी आपणास टॅव्हिस्टॉक चौकात फिरत असताना सुचली, असे तिने आपल्या आठवणींत नमूद केले आहे. चालणे हा तिच्या निर्मितीचाच एक भाग होता.

निबंधाच्या आरंभी घरातील वस्तू माणसास त्याची ओळख विसरू देत नाहीत. दार मिटताच ती गळून पडते आणि केवळ पाहणारी दृष्टी उरते. परंतु निबंधाचे खरे मर्म ही मुक्ती जेथे अडखळते तेथे आढळते. पादत्राणांच्या दुकानात एक खुजी स्त्री येते. तिचे पाऊल सुडौल, पूर्ण वाढ झालेल्या स्त्रीचे आहे. ते निरखताना तिच्या चर्येवर आत्मविश्वास उमटतो व रस्त्यावर येताच मावळतो. पुढे दोन आंधळे भाऊ, भुकेने खंगलेला एक ज्यू, पायरीवर पडलेली एक वृद्धा दिसते. त्यांच्या अगदी निकट श्रीमंती दुकानांच्या काचा आहेत. तेथे मनोराज्य पुन्हा सुरू होते : कल्पनेतच मोती गळ्यात पडतात, जूनमधील रात्र व मेफेअरमधील सज्जा लाभतो.

हे सांनिध्य वुल्फची बेपर्वाई दर्शविते काय? आमच्या मते नाही. तिने हा सांधा बुजविला नाही, उघडाच ठेवला, हे तिचे श्रेय होय. तथापि मर्यादाही तेथेच आहे. दुसऱ्याच्या मनात क्षणभर शिरून परत फिरणे, हे परतण्यास घर असणाऱ्यासच साधते. पायरीवरील वृद्धेस ती मुभा नाही. आणि निबंध शेवटी परिचित वस्तूंच्या उबेत विसावतो.

म्हणून भ्रमंतीपर साहित्याचे मूल्यमापन करताना मनोराज्य किती रम्य आहे, याहून ते कोणापाशी येऊन भंगते आणि भंगल्यावर लेखक काय करतो, हे पाहणे अधिक उचित ठरेल.