रणभूमि कीं जत्रा ?

वॉटर्लूच्या मैदानाची गणना युरोपांतील प्रेक्षणीय स्थळांत होते, यास आमची हरकत नाहीं. आमचा आक्षेप तेथें जें दाखविलें जातें त्यावर आहे. ता. १८ जून १८१५ रोजीं येथें हजारों माणसें कापलीं गेलीं. नेदरलंड्सचा युवराज ज्या जागीं जखमी झाला, तेथें १८२६ सालीं सुमारें ४० मीटर उंचीची टेकडी पुरी झाली व माथ्यावर सिंह बसविण्यांत आला. परंतु तिची माती त्याच रणभूमींतून आणिली ! ज्या उंचवट्याच्या आडोशास वेलिंग्टननें सैन्य राखलें, त्याचाच बराच भाग खणला गेला. २२६ पायऱ्या चढून प्रवाशानें पाहावयाचें तें, टेकडीनेंच बिघडविलेलें मैदान.

याहून विलक्षण प्रकार लॉर्ड अक्सब्रिजच्या पायाचा. तोफेच्या माऱ्यानें निकामी झालेला तो पाय जेथें कापला, त्या घराच्या मालकानें तो बागेंत पुरून वर शिळा बसविली. आधीं रक्ताळलेली खुर्ची, मग थडगें, असें दाखवून त्या कुटुंबानें कित्येक वर्षें पैसा मिळविला. सामान्य शिपायांचे सांगाडे मात्र तेथें बोटांवर मोजण्याइतकेच सांपडले. त्यांचीं हाडें पुढें उकरून साखर शुद्ध करण्याच्या कामीं विकलीं गेलीं असावींत, असें अलीकडील कांहीं संशोधकांचें मत आहे. ही हकीकत तिकिटाबरोबर प्रत्येकाच्या हातीं द्यावी, अशी आमची सूचना आहे.

लुई द्युमुलँ याच्या १९१२ सालच्या वर्तुळाकार चित्रास आम्ही या बाजारांत ओढीत नाहीं. तेंही तिकीट घेऊनच पाहावें लागतें, हें खरें. पण त्याच्या पायथ्याशीं मेलेलीं माणसें व घोडीं पडलेलीं दिसतात.