आईचे सुख आणि आपले मातृचित्रण

आईविषयीचा लेख हा आपल्या समाजातील लिहित्या माणसाचा बहुधा पहिला लेख असतो, आणि पुष्कळांच्या बाबतीत तोच शेवटचाही ठरतो. पुण्यस्मरणाच्या पुस्तिकेत, चर्चच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आणि आपल्या या त्रैमासिकासारख्या नियतकालिकांत असे लेख आम्ही गेली कित्येक वर्षे वाचीत आलो आहोत. त्यांतील आई पहाटे चारला उठते, विहिरीचे पाणी ओढते, सर्वांना वाढून झाल्यावर उरलेसुरले खाते, फाटक्या लुगड्याला दंड घालून नेसते, दुखणे अंगावर काढते आणि एके दिवशी निमूटपणे जग सोडून जाते. लिहिणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाविषयी आम्हांला तिळमात्र शंका नाही. परंतु असे दहा-वीस लेख सलग वाचले तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानी येते. वरची नावे झाकली, तर कोणती आई कोणाची हे सांगता येणार नाही. तिला काय आवडत असे, हे या लेखांत सापडतच नाही. चहा ती कसा घेई, कोणते गाणे लागले की हातातले काम थांबवी, कोणाच्या ओट्यावर बसून तिचा वेळ कसा जाई हे तिला कळत नसे, याविषयी लेखक अवाक्षर काढीत नाहीत.

वडिलांवरील लेखांत मात्र असे होत नाही, हे मुद्दाम नमूद करावेसे वाटते. वडिलांची तंबाखूची चंची असते, सायंकाळी ओट्यावर रंगणारा पत्त्यांचा डाव असतो, बँडपथकात वाजविलेला कर्णा असतो, आणि क्वचित एखादा घोट अधिक झाल्याची हकीकतही लेखक हसत हसत सांगून जातो. त्यामुळे वडील आपल्यासमोर माणूस म्हणून उभे राहतात. आईला मात्र आपण लेखाच्या पहिल्या ओळीपासूनच वेदीवर नेऊन बसवितो. तेथे तिला ना भूक लागते, ना कंटाळा येतो.

या वळणाचे मूळ शोधू गेल्यास ‘श्यामची आई’पाशी यावे लागते. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले आणि 1935 मध्ये प्रसिद्ध झालेले हे पुस्तक महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांनी रडत रडत वाचले. 1953 मध्ये आचार्य अत्रे यांनी त्यावर चित्रपट काढला, तो पाहताना आमच्या आधीची पिढी रडली. पुस्तकाचे थोरपण नाकारण्याचा आमचा हेतू नाही. उलट आमचे म्हणणे असे की, गुरुजींचे अनुकरण करणाऱ्यांनी गुरुजींना नीट वाचलेलेच नाही. बेचाळीस रात्रींत सांगितलेल्या या आठवणींतील आई नुसती सोसणारी नाही. कर्जाने ती होरपळते, अपमानाने पेटून उठते. श्रीखंडाच्या वड्या करण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते, हेही गुरुजी विसरत नाहीत. दिवाळीच्या प्रकरणात भाऊबिजेच्या ओवाळणीतून ती पतीसाठी धोतर आणविते. तेथे तिच्या मनाला झालेला आनंद लेखकाने स्पष्ट दाखविला आहे. मात्र तो आनंद देण्याचा आहे. स्वतःसाठी काही घेण्याचा आनंद त्या पुस्तकात तिच्या वाट्याला फारसा येत नाही.

याचे एक साधे कारण आहे व ते सहसा कोणी सांगत नाही. गुरुजींचा जन्म 1899चा आणि त्यांची आई वारली 1917 मध्ये. म्हणजे त्यांनी पाहिलेली आई ही एका बालकाने आणि किशोराने पाहिलेली आई आहे. त्या वयाच्या मुलाला आईचे जेवढे रूप दिसते तेवढे त्यांनी जीव ओतून रेखाटले. परंतु आपल्या नियतकालिकांतून लिहिणारे पन्नाशी उलटलेले असतात. आई सत्तर-ऐंशी वर्षांची होईपर्यंत त्यांनी तिला पाहिलेले असते, तिच्याबरोबर लग्नसमारंभांना गेलेले असतात, तिची थट्टा केलेली असते. तरीही लेखणी हाती घेताच ते पुन्हा आठ वर्षांचे होतात. गुरुजींच्या बाबतीत ती परिस्थितीने घातलेली मर्यादा होती. आपल्या बाबतीत तिला सवय म्हणावे लागेल.

आम्ही हे दुसऱ्यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. आमच्या आईच्या निधनानंतर आम्हीही असाच एक लेख लिहिला होता. आमची आई वसईहून पहाटेच्या गाडीने, लगेजच्या डब्यातून, भाजीची टोपली घेऊन दादरला जात असे. दुपार कलल्यावर ती घरी परते. ‘दिवसभर पाण्याचा घोटही न घेता’ असे शब्द आम्ही त्या लेखात वापरले होते, आणि ते आम्हांला फार हृद्य वाटले होते. लेख छापून आला. अनेकांनी पत्रे पाठविली. आईबरोबर वीस-बावीस वर्षे टोपली घेऊन गेलेल्या एक मावशी होत्या. त्यांना नातवाने तो लेख वाचून दाखविला. त्या घरी आल्या, खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, “पोरा, छान लिहिलंस. पण ही तुझी आई नाही.”

मग त्यांनी सांगितले ते असे. टोपली रिकामी झाली की आमची आई लगेच स्टेशन गाठीत नसे. आठवड्यातून दोन-तीनदा तरी ती एक गाडी मुद्दाम सोडीत असे. मावशींना सोबत घेऊन ती बाजारापासून जवळच एका इराण्याकडे जाई. बायकांसाठी तेथे मागे आडोसा केलेली खोली होती. एक चहा आणि एक ब्रून मस्का. चहा दोघींत मिळून, पाव मात्र आईचा एकटीचा. तो ती चहात बुडवून सावकाश खाई. त्या वेळी कोणी बोललेले तिला खपत नसे. त्यानंतरच्या गाडीला गर्दी कमी असल्यामुळे खिडकी मिळे, आणि वसईची खाडी येईपर्यंत ती बाहेर पाहत बसे. आम्हां भावंडांना ती सांगत असे, ‘आज माल उशिरा खपला.’

मावशी निघून गेल्यावर आम्ही बराच वेळ तसेच बसून राहिलो. आईने आम्हांला फसविले याचे वाईट वाटले नाही. आम्ही तिला फसविले, याचे वाटले. तिने चोरून का होईना, स्वतःसाठी राखून ठेवलेली अर्धी घटका आम्ही आमच्या एका आलंकारिक वाक्यासाठी पुसून टाकली होती. वर त्याबद्दल शाबासकीही घेतली होती.

मातृचित्रणाचा प्रश्न म्हणूनच आम्हांला केवळ शैलीचा वाटत नाही. त्यात खऱ्याखोट्याचा प्रश्न आहे. आणि खरे पाहायचे असेल तर आई स्वतः जेथे बोलते तेथे जावे. मराठीत अशी जागा ‘स्मृतिचित्रे’ ही आहे. लक्ष्मीबाई टिळक पंथाने आपल्यातल्या नसल्या, तरी मराठी ख्रिस्ती लेखनाचा तो मानबिंदू आहे, यात दुमत नसावे. रेव्हरंड टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. मधल्या वर्षांची ताटातूट, दारिद्र्य, नातलगांची बोलणी, हे सारे एखाद्या मुलाने लिहिले असते तर अश्रूंचा पूर लोटला असता. लक्ष्मीबाईंच्या लेखणीतून काय उतरते? वडिलांच्या सोवळ्याचे वेड, ज्यापायी घरात मीठसुद्धा धुऊन घेतले जाई, नवऱ्याचे विसराळूपण, स्वतःची झालेली फजिती. दुःख त्यात आहेच, पण ते सांगताना या बाईला हसण्याची अनिवार हौस आहे. शाळेत जाऊन शिकण्याचा योग तिला आला नाही, तरी ती कविता करू लागली. टिळकांच्या मृत्यूनंतर त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ तिने पूर्ण केले. त्या कामात कर्तव्यबुद्धी होती हे खरेच, परंतु ओवीवर ओवी रचीत जाण्यातले सुखही असल्यावाचून इतके मोठे काम तडीस गेले नसते, असे आमचे मत आहे. 1934 पासून ‘स्मृतिचित्रे’चे भाग प्रसिद्ध होऊ लागले, आणि ‘श्यामची आई’ त्यानंतर वर्षभरातच आली. एका वर्षाच्या अंतराने मराठीला दोन आया मिळाल्या. त्यांपैकी हसणारीला आपण अभ्यासक्रमात ठेवले आणि सोसणारीचे अनुकरण केले.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या जमवून ‘स्त्री जीवन’ हा संग्रह सिद्ध केला. तो चाळताना आम्हांला नेहमी वाटते की, आईचा मुलगा होऊन लिहिताना गुरुजींना जे दिसले नव्हते, ते ओव्यांचा संग्राहक झाल्यावर त्यांच्या ओंजळीत आपण होऊन पडले. जात्यावर बसलेली बाई माहेर आठवते. भावाने घेतलेल्या लुगड्याचा रंग आणि पदर वर्णिते. बांगड्या भरल्याचे कौतुक सांगते. सासूला टोला हाणते. घर उठायच्या आधीची ती वेळ असे. दळण हे काबाडकष्टच होते, यात शंका नाही. परंतु बाईचा आवाज तिचा स्वतःचा असण्याची ती दिवसातली एकुलती एक वेळ होती. पुढे पुण्यात गी पॉइटव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी 1980च्या दशकापासून खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. हा एवढा साठा पाहिला म्हणजे, आपल्या आज्यांना सुखाविषयी काही म्हणायचे नव्हते असे कोणी म्हणू धजणार नाही. बहिणाबाई चौधरी याच परंपरेतल्या. त्यांना अक्षर येत नव्हते, पण कामाच्या ओघात गाणे जुळविणे हा त्यांचा नित्याचा विसावा होता. मुलाने आणि आप्तांनी ते टिपून ठेवले म्हणून 1952 मध्ये ते आपल्यापर्यंत पोहोचले. सोपानदेवांनी आईच्या कष्टांवर केवळ एक लेख लिहिला असता तर? विचारानेही अंगावर काटा येतो.

यावर एक आक्षेप आम्ही अनेकदा ऐकला आहे: ‘सुख हे खात्यापित्या घरच्या बायांचे. आमच्या आयांना कसले सुख आणि कसल्या आवडीनिवडी?’ आक्षेप घेणाऱ्यांनी बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ वाचावे. 1986 मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या या आत्मकथनात महारवाड्यातील उपासमार आणि विटंबना ज्या उघड्या शब्दांत आली आहे, तिला तोड नाही. परंतु त्याच पुस्तकात आषाढातल्या दिवसांचेही वर्णन आहे. घर सारवून स्वच्छ करणे, डोक्यावरून न्हाणे, गोडाधोडाचे चार घास, बायकांचे एकत्र जमणे, या गोष्टी तेथे किती मोठ्या होत्या, हे लेखिकेला ठाऊक आहे आणि ती ते लपवीत नाही. त्यामुळे दुःख कमी वाटत नाही. उरलेल्या अकरा महिन्यांत काय हिरावून घेतले होते, ते मात्र नेमके कळते. सुखाचे माप माहीत असल्याशिवाय वंचनेचे माप कसे लागावे?

अलीकडे या प्रश्नाची दुसरी बाजूही पुढे आली आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वर्तमानपत्रांची पाने आईच्या सुखाने भरून वाहतात. साबण, साडी, दागिना, उपाहारगृहातील जेवण, सगळे तिच्यासाठीच. ज्या अ‍ॅना जार्व्हिस यांच्या खटपटीमुळे 1914 मध्ये अमेरिकेत हा दिवस सरकारमान्य झाला, त्याच पुढे त्यातील बाजारूपणाविरुद्ध आयुष्यभर झगडल्या. या जाहिरातींतील आईलाही स्वतःची आवड नसते. मुलाने काय आणावे हे दुकानदार ठरवितो आणि तिने फक्त हसावे, अशी अपेक्षा असते. पूर्वीची आई वेदीवर होती, ही काचेच्या कपाटात आहे. असो.

आमच्या त्रैमासिकाकडे येणाऱ्या मातृलेखांच्या लेखकांना आमची एकच विनंती आहे. लिहिण्यापूर्वी आईच्या मैत्रिणींना भेटा. घरच्यांना ती जी दिसली ती घरापुरती होती. विहिरीवर, बाजारात, मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात ती कोणाशी बोलत थांबे, तिला शोधून काढा. त्या बाई अजून असतील तर विलंब करू नका. कानाच्या लग्नातला द्राक्षारस संपत आल्याचे इतर कोणाच्याही आधी एका आईच्याच लक्षात आले होते. भोजनसमारंभात काय कमी पडले हे जिला कळते, तिला भोजनसमारंभ कळतो, एवढे तरी आपण गृहीत धरायला हरकत नाही.

तो जुना लेख दुरुस्त करून पुन्हा लिहावा, असे आम्ही तेव्हाच ठरविले होते. ते राहून गेले. इराण्याचे ते हॉटेल कधीच बंद झाले. तेथे आता कपड्यांचे दुकान आहे. मागल्या पावसाळ्यात मावशीही वारल्या. आई त्या खोलीत कोणत्या बाजूला बसे, पैसे कोण देई, खिडकीशी बसल्यावर ती काही गुणगुणे की गप्पच असे, हे आम्ही त्यांना विचारले नव्हते.