ग्रंथपालाचे आत्मनिवेदन : एक टिपण

ई. जे. जोसी यांनी संपादित केलेला ‘द ब्लॅक लायब्रेरियन इन अमेरिका’ हा ग्रंथ १९७० साली प्रसिद्ध झाला. कृष्णवर्णीय ग्रंथपालांनी आपल्या नोकरीची हकीकत त्यात स्वतः सांगितली आहे. तत्पूर्वी, १९६४ साली, कृष्णवर्णीयांना सभासदत्व नाकारणाऱ्या राज्यशाखांच्या कार्यात अमेरिकन ग्रंथालय संघाच्या पदाधिकाऱ्यांनी भाग घेऊ नये, असा ठराव जोसी यांनी संमत करून घेतला होता. ठरावाने अन्यायाला नाव मिळाले. तो अन्याय रोजच्या टेबलापाशी कसा वावरतो, हे मात्र आत्मनिवेदनावाचून कळत नाही.

मराठीत असे निवेदन कोठे आहे? दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) शिकून नोकरीस लागलेला मनुष्य आणि त्याच्यातच उरलेला दगडू मारुती पवार यांचा संवाद आहे. ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’ने (२००३) शासकीय नोकरी करणाऱ्या दलित स्त्रीचे जीवन मांडले. परंतु या दोहोंतील निवेदक ग्रंथालयाचे सेवक नाहीत. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) तर वारल्यांच्याच लढ्याचे. तेथेही लेखणी वारल्याच्या हाती नाही.

हा अभाव पालघर-बोईसर पट्ट्यात विशेष जाणवतो. आजच्या पालघर जिल्ह्याच्या प्रदेशात २०११ च्या जनगणनेनुसार आदिवासींचे प्रमाण सुमारे ३७ टक्के होते. येथील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात प्रस्तुत लेखक काही काळ बसत असे. तेथील साहाय्यक वारली समाजातील, ग्रंथालयशास्त्राचा पदवीधर. विद्यार्थी त्यास ‘दादा’ म्हणत. अध्यापक मात्र त्यास नावाने हाक मारून ‘तू’ म्हणत. त्याच्याहून लहान वयाच्या लिपिकास ‘तुम्ही’. विचारता, ‘ती आपुलकी आहे’, असा खुलासा मिळाला. ब्राउन व गिलमन यांनी १९६० साली सर्वनामांविषयी जो विचार मांडला, तो येथे उपयोगी पडतो : ‘तू’ दोन्हीकडून गेले तर सलगी, एकीकडूनच गेले तर सत्ता. साहाय्यकाने अध्यापकास ‘तू’ म्हटल्याचे प्रस्तुत लेखकाने कधी ऐकले नाही.

येथे एक प्रशासकीय शब्दही विचारात घ्यावा लागतो. महाविद्यालयात ग्रंथपालाचे पद बहुधा एकच असते. संवर्गात एकच पद असल्यास त्यास आरक्षण लागू करता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९८ चा निर्णय आहे. अशा पदास कचेरीच्या मराठीत ‘एकाकी पद’ म्हणतात. पद एकाकी ठरले, की साहाय्यकापुढची वाट अरुंद होते. आणि त्या पदावर कोणी पोहोचलाच, तर त्याचा अनुभव वाटून घेण्यास शेजारी समव्यवसायी नसतो.

एका ग्रंथालयातील निरीक्षणावरून व्यापक सिद्धान्त मांडणे अर्थातच योग्य नव्हे. म्हणूनच अशी निवेदने मिळवणे हे आपल्या विभागाचे कर्तव्य ठरते. ती मिळवताना एक पथ्य पाळावे. निवेदक वारलीत बोलला तर ते वारलीतच उतरवावे. त्याचे प्रमाण मराठीत ‘शुद्धीकरण’ करू नये. संपादकाने सौजन्यापोटी एका ‘तू’चे ‘तुम्ही’ केले, तरी निवेदकास जे सांगावयाचे होते नेमके तेच पुसले जाईल.