कोणतं काडतूस भारी? एका आकड्यावर विसंबण्याची गोष्ट

अकोट तालुक्यात मामाच्या गावी हरभऱ्याची जागल सुरू झाली की शेकोटीभोवती एक वाद दरवर्षी रंगतो. रानडुकरं आणि रोही उभं पीक लोळवतात, त्यामुळे विषय तिकडे वळतोच. एक जण म्हणतो, "बारा बोरनं काई होत नाई लेका, तीनशे पंधराच पायजे." दुसरा बारा बोरची बाजू घेतो. मग कोणीतरी मोबाईलवर तक्ता काढतो, "पाह्य, तीन हजार जूल!" आणि वाद मिटतो.

गंमत म्हणजे वाद घालणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे बंदूकच नाही. शेती-संरक्षणाचा परवाना गावात एखाद्-दुसऱ्या घरी आहे, आणि परवाना असला तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय जनावरावर गोळी चालवता येत नाही. म्हणजे वाद तात्त्विकच. पण तो ज्या पद्धतीनं मिटतो, ती पद्धत तुम्हाला-मला महागात पडू शकते. पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करत असाल तर हा लेख बंदुकीचा नाही, मोजमापाचा आहे असं समजून वाचा.

नावातला आकडा

आधी 'बारा बोर' घ्या. हे बारा म्हणजे बारा मिलिमीटर नव्हेत. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले, तर त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती नळी बारा बोरची. करून बघा: ४५३.६ ग्रॅम भागिले १२, शिशाची घनता ११.३४, आणि गोलाच्या घनफळाचं सूत्र. व्यास येतो साधारण १८.५ मिमी. म्हणजे इथे आकडा वाढला की नळी बारीक होते. वीस बोर बारापेक्षा लहान!

आता ०.३१५ आणि ०.३२. दोन्ही इंचातले व्यास, दोन्ही जवळपास ८ मिमी. आपल्याकडे आयुध निर्माणीची ०.३१५ ची रायफल आणि ०.३२ चं रिव्हॉल्व्हर दोन्ही परवानाधारकांना मिळतात. नावावरून भावंडं वाटतील. पण ०.३१५ चं काडतूस ज्या जुन्या ऑस्ट्रियन ८ मिमी लष्करी काडतुसावरून आलं, त्याची गोळी १५.८ ग्रॅमची आणि वेग सेकंदाला साधारण ६२० मीटर. ०.३२ च्या रिव्हॉल्व्हरची गोळी ६.३५ ग्रॅमची, वेग साधारण २१५ मीटर. गतिज ऊर्जा काढा: एकीकडे सुमारे ३००० जूल, दुसरीकडे १५० च्या आत. वीसपट फरक.

पहिला धडा सोपा आहे. नाव हे मापन नसतं. इथवर मोबाईलवाला बरोबर आहे, तो नाव सोडून ऊर्जेकडे गेला.

मग जूल तरी काय सांगतात?

क्रिकेटचा चेंडू १६० ग्रॅमचा. आपल्या विदर्भाच्या उमेश यादवसारख्या गोलंदाजानं तो ताशी १४५ किलोमीटरनं टाकला, तर हातातून सुटताना त्यात सुमारे १३० जूल ऊर्जा असते. ०.३२ च्या गोळीइतकीच, जवळपास. संवेग बघाल तर चेंडूचा साडेचार-पाच पट जास्त! तरी चेंडू मांडीवर बसला की खेळाडू थोडा लंगडतो आणि पुन्हा उभा राहतो. गोळीचं तसं नाही. तेवढीच ऊर्जा नखाएवढ्या जागेत उतरते, आत शिरते, रक्तवाहिनी फाडते.

उलटही आहे. २०१४ मध्ये फिलिप ह्यूज मानेवर चेंडू लागून गेला. चेंडूची ऊर्जा रोजच्या सामन्यातलीच होती, लागण्याची जागा वेगळी होती.

म्हणजे इजा ठरते ती कुठे लागलं, किती खोल गेलं आणि वाटेत काय फाटलं यावर. जूल हा त्या साखळीतला एक दुवा आहे. तो आकडा चुकीचा नाही, पण आपण त्याला जो प्रश्न विचारतोय त्याचं उत्तर त्याच्याकडे नाही. आकडा अचूक असणं आणि आकडा प्रसंगाला लागू असणं, या दोन गोष्टी वेगळ्या.

ज्या पुस्तकानं 'पुरावा' आणला

यावर उपाय म्हणून एव्हन मार्शल आणि एडविन सॅनो यांनी १९९२ मध्ये अमेरिकेत 'हँडगन स्टॉपिंग पॉवर' हे पुस्तक काढलं. मार्शल निवृत्त पोलीस. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की प्रयोगशाळा राहू द्या, रस्त्यावर खरोखर काय झालं ते मोजू. प्रत्यक्ष गोळीबाराच्या घटना गोळा करून प्रत्येक काडतुसाला त्यांनी टक्केवारी दिली: एकाच गोळीत माणूस थांबला का? काही काडतुसांना नव्वदच्या वर टक्के मिळाले. बंदुकीच्या शौकिनांमध्ये हे तक्ते अजूनही फिरतात.

या पुस्तकाचं श्रेय आधी देऊ. प्रश्न त्यांनी बरोबर विचारला होता. मोजायचं होतं तेच मोजायला ते गेले, आडवळणाचं माप घेतलं नाही. 'थांबला' म्हणजे काय याची व्याख्याही दिली: लगेच कोसळला, किंवा दहा फुटांपेक्षा जास्त पळाला नाही. व्याख्या लिहून देणारे लेखक कमीच, म्हणून ही गोष्ट मानायला हवी.

गोची निवडीत आहे. धडावर एकच गोळी लागलेल्या घटना घेतल्या. एकापेक्षा जास्त गोळ्या लागल्या असतील तर ती घटना वगळली. ऐकायला शास्त्रीय वाटतं, एका गोळीचा परिणाम शुद्ध स्वरूपात मिळावा म्हणून. आता कागद घ्या.

समजा एका काडतुसाच्या १०० घटना. पहिल्या गोळीनं ५० जण थांबले, ५० थांबले नाहीत. न थांबलेल्यांवर माणूस काय करील? दुसरी गोळी झाडील. समजा ४० जणांना दुसरी लागली. त्या घटना यादीतून बाद. उरल्या ६०, त्यात ५० यश. टक्केवारी ८३! आता अगदी तेवढंच जोरदार दुसरं काडतूस, पण त्याच्या बंदुकीतून दुसरी गोळी नीट साधायला वेळ लागतो. न थांबलेल्यांपैकी २० जणांनाच ती लागली. उरल्या ८०, यश ५०. टक्केवारी ६२.५. गोळ्यांचा जोर सारखाच, तक्त्यात वीस गुणांचा फरक.

तुम्ही म्हणाल, काही जण सवयीनं दोन गोळ्या झाडतात, त्यात पहिलीनंच काम झालेल्या घटनाही बाद होतीलच की. होतील. पण त्यानं चूक दुरुस्त होत नाही. किती यशं आणि किती अपयशं गाळली गेली हेच कळेनासं होतं. अपयशाला गाळणीतून बाहेर पडायची खास वाट ठेवली, की उरलेलं यश फुगणारच.

अमेरिकी लष्करी शल्यविशारद मार्टिन फॅकलर यांनी या आकडेवारीवर कडाडून टीका केली. त्यांची स्वतःची वाट वेगळी होती: ठरलेल्या तापमानाच्या जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी किती खोल जाते आणि किती भाग कायमचा फाटतो ते बघायचं. १९८९ च्या एफबीआयच्या अहवालातही भर खोलीवर आहे, किमान १२ इंच. जिलेटिनला हाडं नसतात, भीती नसते, तेही प्रतिरूपच. पण ते दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा करून बघता येतं.

कोलकात्याजवळची एक गोळी

हा घोळ जुना आहे आणि आपल्याकडचाही आहे. १८९५ च्या चित्रालच्या मोहिमेनंतर ब्रिटिश सैन्यात तक्रार वाढली, की ०.३०३ ची नवी गोळी आरपार जाते, माणूस थांबत नाही. मग कोलकात्याजवळच्या डमडम कारखान्यात टोकाला शिसं उघडं ठेवलेली, फुलणारी गोळी तयार झाली. तिच्या क्रौर्याचा पुरावा म्हणून युरोपात गाजले ते जर्मनीतल्या प्राध्यापक ब्रुन्स यांचे प्रयोग. पण त्यांनी वापरलेली गोळी डमडमची नव्हतीच! टोकाचं शिसं कितीतरी जास्त उघडं असलेल्या शिकारी गोळ्या त्यांनी वापरल्या होत्या. १८९९ च्या हेग परिषदेत ब्रिटन-अमेरिकेच्या विरोधाला न जुमानता फुलणाऱ्या गोळ्यांवर बंदीचा ठराव झाला.

मला ती बंदी योग्यच वाटते. म्हणूनच ही गोष्ट जास्त टोचते. निष्कर्ष आवडला की नमुना तपासायचा राहून जातो.

ते अकरा कुठं गेले?

मी हे दुसऱ्यांवर हसायला लिहीत नाही. पहिल्या प्रगती अहवालात माझ्याकडे ३० वनस्पतींचे अर्क होते. ११ द्रावकात नीट विरघळले नाहीत, ते बाजूला ठेवले. उरलेल्या १९ पैकी १५ नी डीपीपीएच चाचणीत जांभळा रंग घालवला. मी ऐटीत लिहिलं, ७९ टक्के वनस्पती सक्रिय. मार्गदर्शक मॅडमनी एकच विचारलं, "ते अकरा कुठं गेले?" मग दुसरं, "आणि नळीतला रंग गेला म्हणजे माणसाच्या शरीरात काय झालं?" दोन्हीला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मार्शल-सॅनोची गाळणी आणि मोबाईलवाल्याचे जूल, दोन्ही चुका एकाच पानावर.

तेव्हा शोधनिबंध वाचताना 'निष्कर्ष' आधी उघडू नका. नमुना कसा निवडला तो परिच्छेद काढा आणि वगळलेल्यांची संख्या पेन्सिलीनं समासात लिहा. ती सापडत नसेल तर तेही लिहा. मग विचारा, मोजलेली गोष्ट आणि सांगितलेली गोष्ट एकच आहे का?

मार्शल-सॅनोच्या तक्त्यातली प्रत्येक नोंद म्हणजे गोळी लागलेला एक माणूस होता. वगळलेली नोंदही. तुमच्या तक्त्यात कदाचित रोपं असतील, रुग्ण असतील, शेतकरी असतील. गाळण्याआधी कारण लिहून ठेवा, आणि गाळलेले मोजा.

यंदा जागलीला गेलो तेव्हा हे सगळं शेकोटीपाशी सांगून पाहिलं. मामानं ऐकून घेतलं, काडी आत सरकवली आणि म्हणाला, "ते समदं ठीक हाये भाशा. पण डुक्कर आलं त काय करावं?" प्रश्न रास्त होता. जुलाच्या तक्त्यात त्याचंही उत्तर नव्हतं. आम्ही डबा वाजवला.